ब्लॉक उतरतो तेव्हा: ऑपरेशननंतरचं दुखणं आटोक्यात ठेवायची पायरीपायरीने तयारी

मी भूल देणारी डॉक्टर आहे. रोज कुणाच्या तरी मानेत, मांडीत नाहीतर पाठीत सुई घालते आणि वर बजावते, हात बधिर असला तरी रात्रीची गोळी चुकवू नका हं. मग एकदा पायरी चुकून पडले आणि माझंच मनगट मोडलं. प्लेट बसवायची ठरली, सहकाऱ्याने कॉलरबोनच्या वर ब्लॉक, म्हणजे हात बधिर करणारं इंजेक्शन, दिलं, ऑपरेशन चालू असताना मी चक्क गप्पा मारत होते. सकाळी साडेदहाला ब्लॉक, संध्याकाळी घरी. रात्री दहाला हात लाकडाच्या ओंडक्यासारखा पडलेला, दुखणं शून्य, मग उगाच कशाला गोळी पोटात घालायची म्हणून तशीच झोपले. पावणेतीनला जाग आली ती मनगटात कुणीतरी पाना अडकवून पिळतंय अशी. एका हाताने गोळ्यांची पट्टी फुटेना, शेवटी दातांनी फोडली, आणि ती गोळी लागू पडेपर्यंत तासभर घड्याळाकडे बघत बसले.

म्हणून हा लेख सुईपाशी संपत नाही, निम्मा लेख सुईनंतरचाच आहे.

ब्लॉक म्हणजे नक्की काय करतात

दुखण्याचा निरोप जखमेपासून मेंदूपर्यंत नर्व्हमधून (मज्जातंतूतून) जातो, आणि तो पुढे सरकतो ते नर्व्हच्या भिंतीतल्या बारीक दारांतून सोडियम आत येतं म्हणून. लिग्नोकेन, बुपिवाकेन, रोपिवाकेन ही औषधं ती दारं काही तास बंद ठेवतात. जखम तिथेच, सूज तिथेच, फक्त बातमी वर पोचत नाही. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

औषध कुठे सोडायचं यावरून प्रकार पडतात. सर्जन टाके घालताना जखमेच्या कडेला भरतात तो सगळ्यात साधा. हाता-पायाच्या ठराविक नर्व्हभोवती सोडलं तर तो नर्व्ह ब्लॉक. पोटाच्या किंवा छातीच्या भिंतीत स्नायूंच्या दोन थरांच्या मधे सोडलं तर त्याला प्लेन ब्लॉक म्हणतात, तिथे एकेक नर्व्ह शोधत बसत नाहीत, औषधच थरात पसरून नर्व्ह गाठतं. आणि मणक्यात दिलं तर स्पायनल किंवा एपिड्युरल. स्पायनलमधे औषध थेट मज्जारज्जूभोवतीच्या पाण्यात जातं, एकदाच, एपिड्युरलमधे त्या पाण्याच्या पिशवीच्या बाहेरच, आणि बहुतेक वेळा तिथे केसासारखी बारीक नळी ठेवतात, म्हणजे औषध दिवसेंदिवस देता येतं.

पायरी १: आपल्या ऑपरेशनला काय बसतं ते विचारा

इथे जरा वेळ घालवते, कारण "मला तो ब्लॉक द्या" म्हणणारे पेशंट हल्ली बरेच भेटतात आणि त्यांनी ऐकलेला ब्लॉक कुठल्यातरी भलत्याच ऑपरेशनचा असतो.

खांद्याला मानेतून देतात तो इंटरस्केलीन ब्लॉक फार उत्तम, पण तिथून जवळच श्वासाच्या पडद्याची नर्व्ह जाते. नेहमीच्या मात्रेत, म्हणजे २० मिली वगैरे औषध दिलं, की त्या बाजूचा पडदा जवळपास प्रत्येकाचाच काही तास ढिला पडतो. धडधाकट माणसाला फारसं जाणवत नाही, छातीत जरा जड वाटतं इतकंच, पण दमा बळावलेला असेल, फुप्फुसं आधीच खराब असतील किंवा वजन खूप असेल तर हे महागात पडतं, मग कमी औषध किंवा दुसरी जागा निवडतात. त्या बाजूची पापणी खाली येणं, आवाज बसणं हेसुद्धा होतं आणि ब्लॉकबरोबर उतरतं. आधी सांगितलेलं असलं की माणूस आरसा बघून घाबरत नाही.

कोपर, मनगट, बोटं यांना कॉलरबोनच्या वरून, खालून नाहीतर काखेतून. गुडघा बदलायचा असेल तर पूर्वी सर्रास मांडीच्या वरच्या भागातून फिमोरल ब्लॉक द्यायचे, दुखणं छान थांबायचं पण मांडीचा स्नायूही झोपायचा आणि पेशंट उभा राहायला गेला की पाय लटपटायचा. आता बऱ्याच ठिकाणी मांडीच्या मधल्या भागात ॲडक्टर कॅनाल ब्लॉक देतात, त्याने मांडीची ताकद बरीचशी शाबूत राहते आणि त्याच दिवशी वॉकर घेऊन चालवता येतं. त्यात गुडघ्याच्या मागची बाजू राहून जाते, म्हणून तिथे वेगळं औषध भरतात, आणि तरीही "मागून दुखतंय" ही तक्रार येतेच, तो ब्लॉक फसला असं नाही. घोटा आणि पावलाला गुडघ्याच्या मागून, जोडीला आतल्या बाजूची सॅफेनस नर्व्ह. खुब्याच्या फ्रॅक्चरला तर ऑपरेशनच्या आधीच ब्लॉक मिळत असेल तर तो आवर्जून मागा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण म्हाताऱ्या माणसाला एक्सरेसाठी आणि स्पायनलसाठी कुशीवर वळवताना जे हाल होतात ते बघवत नाहीत.

पोटासाठी टॅप ब्लॉक, मधल्या उभ्या छेदासाठी रेक्टस शीथ, छातीसाठी आणि स्तनाच्या ऑपरेशनसाठी पॅराव्हर्टेब्रल, पेक्स, किंवा पाठीतून इरेक्टर स्पायनी (हा अगदी अलीकडचा, २०१६ मधे पहिल्यांदा लिहिला गेला). प्लेन ब्लॉकची एक मर्यादा मात्र कुणी सांगत नाही: टॅपसारखे ब्लॉक पोटाची भिंत बधिर करतात, आतले अवयव नाही. कातडी दुखत नाही पण आत खोलवर कळ येत राहते, म्हणून गोळ्या-इंजेक्शनं सोबत लागतातच.

सिझेरियनला स्पायनलमधेच मॉर्फिनचा कण मिसळतात, १०० ते १५० मायक्रोग्रॅम, एवढाच, पण दिवसभर पुरतो. बदल्यात नाक-तोंड खाजतं, मळमळतं, आणि क्वचित श्वास मंदावू शकतो म्हणून २४ तास नर्स येऊन श्वास मोजते, तेव्हा झोप मोडली म्हणून तिच्यावर वैतागू नका. लहान मुलांना बहुतेक वेळा झोपवूनच माकडहाडाजवळून कॉडल ब्लॉक देतात.

पायरी २: भूलतज्ज्ञाला सगळं सांगा, न विचारलेलंसुद्धा

सगळ्यात आधी रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या. मणक्यात किंवा खोल जागी रक्त साचलं तर नर्व्ह दाबली जाते, म्हणून इथे तासांचा हिशोब असतो. ढोबळमानाने, पोटावर घेतात ती हेपरिनची इंजेक्शनं कमी मात्रेत असतील तर शेवटच्या डोसनंतर १२ तास, मोठ्या मात्रेत असतील तर २४ तास, क्लोपिडोग्रेल ५ ते ७ दिवस, अपिक्साबान-रिव्हारोक्साबान साधारण ३ दिवस, आणि नुसती ॲस्पिरिन असेल तर तेवढ्यासाठी सहसा अडत नाही. पण हे वाचून स्वतःच गोळ्या बंद करू नका, अजिबात नाही. हृदयात स्टेंट असलेल्या माणसाने मनानेच गोळी थांबवली तर स्टेंट बंद पडू शकतो, तो धोका ब्लॉक न मिळण्यापेक्षा कितीतरी मोठा आहे. कोणती गोळी कधी थांबवायची हे हृदयाचे डॉक्टर आणि भूलतज्ज्ञ मिळून ठरवतात.

मग डायबेटिसमुळे पायाला मुंग्या येत असतील तर ते, कारण आधीच आजारी असलेल्या नर्व्हला जपावं लागतं आणि नंतर "ब्लॉकमुळे मुंग्या आल्या" असा गोंधळ नको. दाताच्या डॉक्टरकडे इंजेक्शननंतर काही झालं असेल तर तेही सांगा, बहुतेक वेळा ती ॲलर्जी नसते, औषधातल्या ॲड्रेनलिनने धडधडलेलं असतं, पण ते आम्हाला ठरवू द्या. पाठीचं ऑपरेशन, सुई टोचतात तिथे गळू किंवा पुरळ, लिव्हर-किडनीचा त्रास, आणि खरं वजन. वजन लाजून कमी सांगू नका, त्यावर डोस ठरतो.

आणि हे तीन प्रश्न विचाराच: ब्लॉक किती तास टिकेल, तो उतरताना मी कुठली गोळी किती वाजता घ्यायची, आणि रात्री काही झालं तर कुणाला फोन करायचा. तिसऱ्याचं उत्तर "सकाळी या" असं आलं तर पुन्हा विचारा.

पायरी ३: ऑपरेशनच्या दिवशी टेबलावर

"नुसता हात बधिर करणार, मग उपाशी कशाला" हा वाद रोजचा आहे. ब्लॉक अपुरा पडला तर पूर्ण भूल द्यावी लागते आणि तेव्हा पोट रिकामं हवं, म्हणून घन खाणं ६ तास आधी बंद, पाणी २ तास आधीपर्यंत चालतं.

आत गेल्यावर सलाईनची सुई, छातीवर तारा, बोटाला चिमटा, बीपीचा पट्टा, हे सगळं ब्लॉकच्या आधी लागलं पाहिजे. मग बाजू. उजवा की डावा, हे सुई टोचायच्या अगदी आधी पुन्हा एकदा मोठ्याने विचारलं जातं, चुकीच्या बाजूला ब्लॉक जाऊ नये म्हणून. कुणी विचारलं नाही तर तुम्हीच सांगा, "डॉक्टर, डावा गुडघा." यात आगाऊपणा काही नाही.

मग थंडगार जेल, सोनोग्राफीचा प्रोब, आणि स्क्रीनवर करड्या रंगाचा गोंधळ. त्यात मानेतल्या नर्व्ह काळ्या गोळ्यांसारख्या एकाखाली एक दिसतात, खाली पायात गेल्यावर मधाच्या पोळ्यासारख्या. सुई आडवी चकाकत आत येते, थोडं औषध सोडलं की नर्व्हभोवती काळं पाणी पसरून ती अलगद सुटी होते, ते दिसलं की ब्लॉक लागणार असा आमचा जीव भांड्यात पडतो. तुम्हाला जाणवतं ते कातडीला एक चिमटा आणि मग दाबल्यासारखं. वीज चमकल्यासारखी कळ हातापायात गेली किंवा औषध जाताना जोरात दुखलं तर लगेच बोला, सहन करून शूर ठरायची ही जागा नव्हे, ती कळ म्हणजे सुई नर्व्हला फार चिकटलीय असा अर्थ असू शकतो. म्हणूनच मोठ्या माणसांना शक्यतो जागं ठेवून किंवा हलकी गुंगी देऊन ब्लॉक देतात.

दुसरं लगेच बोलायचं म्हणजे ओठांभोवती मुंग्या, तोंडात धातूची चव, कानात घंटी, एकदम अस्वस्थ वाटणं. औषध रक्तात जास्त गेल्याची ती पहिली खूण असते, त्यापुढे झटका येऊ शकतो, हृदयही बंद पडू शकतं. ते टाळायलाच वजनाचा हिशोब. बुपिवाकेन किलोमागे २ मिलिग्रॅम धरलं तर ६० किलोच्या माणसाला १२० मिलिग्रॅम, ०.५ टक्क्यांच्या बाटलीत दर मिलीला ५ मिलिग्रॅम असतं, म्हणजे २४ मिली झाले की संपलं. दोन्ही गुडघ्यांना ब्लॉक हवा, वर सर्जनला जखमेतही भरायचंय, तर हे सगळं त्या २४ मधेच बसवायचं किंवा औषध पातळ करायचं. आणि तरीही काही झालंच तर २० टक्के चरबीचं पांढरं दुधासारखं सलाईन असतं, किलोमागे दीड मिली झपकन शिरेतून द्यायचं. १९९८ मधे उंदरांवर त्याचा उपयोग दिसला आणि २००६ मधे त्याने पहिल्यांदा माणूस वाचल्याचं छापून आलं. ब्लॉक देतात तिथे ती बाटली हाताशी असावी, आमच्याकडे ती ट्रॉलीच्या वरच्या कप्प्यात असते.

मणक्यातल्या सुईची भीती

"कमरेत सुई दिली की जन्मभर कंबर दुखते." हे मी आठवड्यातून चार वेळा ऐकते. सुई टोचलेली जागा काही दिवस दुखरी राहते, पण वर्षानुवर्षांच्या कंबरदुखीचं खापर तिच्यावर फोडू नका, बाळंतपणानंतर कंबर सुई न घेतलेल्यांचीही दुखते. लकवा मारेल ही दुसरी भीती. मोठ्या माणसात मज्जारज्जू साधारण कमरेच्या पहिल्या मणक्याशी संपतो आणि स्पायनलची सुई त्याच्या बरीच खाली, तिसऱ्या-चौथ्या मणक्याजवळ देतात, तिथे फक्त घोड्याच्या शेपटीसारख्या सुट्या नर्व्ह पाण्यात तरंगत असतात.

डोकेदुखी मात्र खरी. १८९८ मधे ऑगस्ट बीअर या जर्मन सर्जनने स्पायनल स्वतःवर करून बघायला सांगितलं, सुईला सिरिंज नीट बसेना आणि पाठीतलं पाणी गळत राहिलं, मग त्याच्या असिस्टंटने, हिल्डेब्रांटने, स्वतःची पाठ पुढे केली. पाय बधिर झाल्यावर बीअरने त्याच्या नडगीवर हातोडी मारून पाहिली, काही दुखलं नाही, दोघांनी वाईन आणि सिगारने साजरं केलं, आणि पुढे बीअरचं डोकं नऊ दिवस उठलं, आडवं झालं की बरं, उठलं की पुन्हा सुरू. आजही ओळखायची खूण तीच आहे. आता सुया खूप बारीक आणि पेन्सिलीच्या टोकासारख्या असतात म्हणून हे कमी झालंय, पण झालंच तर आडवं पडा, पाणी प्या, कॉफी चालते, आणि डॉक्टरांना कळवा, कारण नाहीच थांबलं तर तुमचंच १५-२० मिली रक्त पाठीत त्या भोकाजवळ सोडून बूच मारता येतं, बऱ्याच जणांचं डोकं त्यानंतर काही तासांतच उतरतं.

एपिड्युरलची नळी ठेवली असेल तर तिची टेप निघू देऊ नका, जादा औषध घ्यायचं बटण दिलं असेल तर ते पेशंटनेच दाबायचं, प्रेमापोटी नातेवाइकांनी नाही. बटण दाबून दाबून जास्त जाईल ही भीती नको, मशीनला मधला वेळ बांधून दिलेला असतो. बीपी उतरतं, लघवी अडते, एक पाय जास्त बधिर होतो, हे सगळं सांगत राहा, औषधाचा वेग कमी करता येतो. नळी काढायची वेळही रक्त पातळ करणाऱ्या इंजेक्शनशी जुळवावी लागते, कमी मात्रेच्या हेपरिननंतर १२ तासांनी काढतात आणि काढल्यावर पुढचं इंजेक्शन निदान ४ तासांनी.

पायरी ४: बधिर हाता-पायाला जपा

बधिर हात तुमचा राहत नाही. त्या रात्री कूस बदलताना माझा स्वतःचा हात माझ्याच तोंडावर आपटला आणि क्षणभर शेजारी कोण झोपलंय तेच कळेना. झोळी बांधूनच ठेवा, झोपतानासुद्धा, कोपराखाली उशी. गरम पाण्याची पिशवी, बर्फ थेट कातडीवर, गॅसजवळ काम, हे सगळं बंद, भाजलेलं कळणारच नाही. पायाला ब्लॉक असेल तर बाथरूमला एकट्याने जायचं नाही, "जमेल मला" म्हणणारेच पडतात. टाच एका जागी दाबून ठेवू नका, दर तासा-दोन तासाला कुणाकडून तरी हलवून घ्या.

पायरी ५: पहिली रात्र

लिग्नोकेनचा ब्लॉक दोन-तीन तासांत संपतो. बुपिवाकेन किंवा रोपिवाकेनचा हाताचा ब्लॉक साधारण १० ते १६ तास जातो, कधी त्याहून जास्त, डेक्सामेथासोन (एक स्टेरॉइड) दिलं असेल तर आणखी काही तास. म्हणजे सकाळचा ब्लॉक नेमका मध्यरात्री नाहीतर पहाटे उतरतो, घरात सगळे घोरत असताना. आणि तो उतरताना दुखणं पायरीपायरीने येत नाही, एकदम येतं, कारण सूज दिवसभर वाढलेली असते आणि बातमी आताच पोचायला लागलेली असते.

तेव्हा तहान लागल्यावर विहीर खणू नका. डिस्चार्जच्या कागदावर लिहिलेल्या गोळ्या हात बधिर असतानाच सुरू करा, घड्याळाप्रमाणे, दुखण्याप्रमाणे नाही. पाया असतो पॅरासिटामॉलचा, ५० किलोच्या वरच्या, लिव्हर ठणठणीत असलेल्या माणसाला दर ६ तासांनी १ ग्रॅम, दिवसाला ४ ग्रॅमच्या वर नाही, आणि सर्दीच्या गोळीतही पॅरासिटामॉल असतं ते मोजायला विसरू नका. जोडीला सुजेची गोळी, पण किडनीचा, अल्सरचा त्रास असेल तर ती डॉक्टरांना विचारूनच. एक जोरदार गोळी उशाशी वेगळी ठेवा, पाण्यासकट, आणि पट्टीतून आधीच काढून वाटीत. एका हाताने पट्टी फुटत नाही हे मी शिकलेय.

झोपताना गोळी घेऊन ब्लॉक संपायच्या अंदाजे वेळेआधी दोन तासांचा गजर लावा, उठून पुढची घ्यायची वेळ झाली असेल तर घ्या. बोटांत मुंग्या यायला लागल्या, बोट थोडं हलायला लागलं की ब्लॉक उतरतोय समजा, ती दुखणं सुरू व्हायच्या आधीची घंटा आहे. हात छातीच्या वर उचलून ठेवा. वर्षभराने माझी प्लेट काढली तेव्हा हे सगळं केलं, चारला जाग आली, दुखणं दहापैकी तीन असेल, पाणी पिऊन पुन्हा झोपले.

दुखणं मोजताना निवांत पडल्यावर किती आणि हलल्यावर किती हे वेगळं सांगा. खोकताना, पाऊल टाकताना किती दुखतं यावरच औषध ठरतं, गप्प पडल्यावर दुखणं सहसा कमीच वाटतं.

कधी थांबायचं नाही, फोन करायचा

गोळ्या वेळेवर घेऊनही दुखणं वाढतच चाललंय, प्लास्टरच्या आत घट्ट ताणल्यासारखं, बोटं सरळ केली की जीव जातोय, तर ते साधं ब्लॉक उतरणं नाही, आत दाब वाढतोय, लगेच दवाखाना. नडगी आणि कोपराखालच्या फ्रॅक्चरमधे हे विशेष. मानेतला किंवा कॉलरबोनजवळचा ब्लॉक झाल्यावर धाप वाढत गेली, छातीत टोचलं, तरीही लगेच. मणक्यातल्या सुईनंतर पाठीत नव्याने जोरात दुखणं, परत आलेली पायातली ताकद पुन्हा जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, यात सकाळची वाट बघायची नाही, एमआरआय आणि गरज पडल्यास ऑपरेशन काही तासांत व्हावं लागतं. ताप, सुईच्या जागी पू किंवा लाली, हेही सांगा.

आणि नुसता ब्लॉक असेल, नळी नसेल, आणि ४८ तासांनंतरही बोट बधिर असेल किंवा हलत नसेल तर कळवा. बहुतेकांचं काही आठवड्यांत आपोआप सुधारतं, कायमची इजा दहा हजारांत दोन-चार जणांना होते, पण कुठला भाग बधिर आहे ते पेनाने कातडीवर रेघ मारून फोटो काढून ठेवा, आठवड्याने ती रेघ आत सरकलीय की नाही ते डॉक्टरांना दाखवता येतं.